कोहळ्याचा खून

पौष लागला की जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. बाभळीला कापूस येत नाही एवढं मलाही कळतं. माझं माहेर मूळचं धावड्याचं, शेतकऱ्याचं. पण जिनिंगकडे निघालेल्या गाड्या इतक्या गच्च भरलेल्या असतात की काट्याकाट्याला कापूस अडकून राहतो आणि एस.टी.च्या खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं, झाडच पिकलंय. परवा औरंगाबादहून आईकडे जाताना तो पुन्हा दिसला. बदनापूरच्या पुढे कुणीतरी बांधावर हुरडा भाजत होतं, त्याचा धूर गाडीत शिरला. शेजारी बसलेल्या बाईनं ओच्यातली मूठभर बोरं माझ्या हातावर ठेवली. खाता खाता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बोरं फार आंबट आहेत, असं मी तिला सांगितलं.

जालन्याची थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा फुटतात, आणि माणसं दुपार झाली तरी कानांना मफलर गुंडाळून उन्हात बसलेली असतात. तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडायच्या, परातीत ओतायच्या आणि सगळ्यांनी भोवती बसून सोलून खायच्या. हरभऱ्याच्या डहाळ्याची आंबट पानं आधी चाखायची, मग घाटे फोडायचे. लहानपणी पौषाचा अर्थ माझ्यासाठी एवढाच होता, की धावड्याची आत्या पोतं पाठवणार. पोत्यात बाजरी, तीळ, गूळ, आणि तळाशी एक भलामोठा कोहळा. पोतं फुकटात यायचं, कारण माझे वडील, अण्णा, जालन्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे भोंग्यावरून गाड्या पुकारायचे. सगळे कंडक्टर त्यांचेच. शाळेतल्या पोरी मला ‘भोकरदन-सिल्लोड’ म्हणून चिडवायच्या आणि मला त्याचा रागही यायचा, अभिमानही वाटायचा.

आता मात्र हा मोसम आला की मला एकच संध्याकाळ आठवते. त्या पौषात अण्णा आमच्या हातून सुटायला लागले, आणि ते आम्हाला कळलं एका खेळात. दुसऱ्या कुणाच्या घरी असं काही दवाखान्यात कळतं, बँकेत कळतं. आमच्या घरी ते खुनाच्या मेजवानीत कळलं.

हे खूळ वंदीचं. वंदी माझी धाकटी बहीण, तेव्हा पुण्याला एका कॉम्प्युटरच्या कंपनीत नुकतीच लागली होती. तिच्या साहेबांनी परदेशातून हा खेळ आणला होता. लोकांना घरी जेवायला बोलवायचं, सगळ्यांनी कुठल्यातरी जुन्या काळातले कपडे घालून यायचं, पाहुण्यांपैकी एकानं मरायचं, एकानं गुपचूप त्याला मारायचं, आणि बाकीच्यांनी जेवता जेवता खुनी शोधून काढायचा. जेवता जेवता! आमच्याकडे जेवताना नुसतं दुखण्याचं नाव निघालं तरी आई तांब्या आपटते. पण वंदीनं एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी ती ऐकत नाही. संक्रांतीच्या सुटीत ती घरी आली ती हे डोक्यात घेऊनच.

“अण्णांसाठी करून राह्यले गं ताई,” ती मला म्हणाली. “बघ ना, किती गप्प झालेत.”

ते खरं होतं. अण्णांना रिटायर होऊन वर्ष झालं होतं. जन्मभर भोंग्यातून बोललेला माणूस, तो आता अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि समोरून कोण गेलं तेही सांगायचा नाही. मी औरंगाबादहून आले तेव्हा त्यांनी विचारलं, “कोणत्या गाडीनं आलीस?” मी सांगितलं. चहा पिताना पुन्हा विचारलं. जेवताना पुन्हा. आता एस.टी.तला माणूस गाडीचं विचारणार नाही तर काय विचारणार? मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं आणि विसरून गेले. आणखी एक गोष्ट मी पाहिली होती, पण तिला नाव दिलं नव्हतं. कुणी अण्णांना काही विचारलं की उत्तर आई द्यायची. त्यांचं वाक्य अडलं की ती पुढचा शब्द पुरवायची, पोळीवर तूप वाढावं तसा. मला वाटलं, म्हातारपणी नवराबायको अशीच होत असतील.

वंदीनं पाहुणे ठरवले. शेजारचे मोहनकाका आणि कांताकाकू. त्यांचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं, जैन. दुसरे शेख चाचा. ते अण्णांचे स्टँडवरचे दोस्त, रिटायर ड्रायव्हर. आणि घरचे आम्ही चौघं. विषय ठरला निजामाच्या काळातल्या हवेलीचा. एक जहागीरदार मरणार. कोण मरणार, यावरून पहिली ठिणगी पडली.

“मैं मरता ना,” शेख चाचा खुशीत म्हणाले. “मेरे कू क्या है, लेटनेका काम है. खाना मिल्या तो बस.”

“बिलकुल न्हाई!” आई आतून कडाडली. “घरात कुणी मेल्याचं सोंग करायचं न्हाई. वास्तू तथास्तु म्हणत असती. आन्‌ चाचा, तुमचं तर आत्ताच पित्ताचं ऑपरेशन झालं, तुम्हाला समजत कसं न्हाई?”

वंदीनं खूप समजावलं. पुण्यात सगळे मरतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर येतात, असंही सांगितलं. आई ढिम्म. शेवटी आईनंच तोडगा काढला. “मारायचंच असल तर त्यो कोहळा हाय. नाहीतरी वड्यांसाठी कापायचाच हाय. त्याला करा जहागीरदार.”

तर अशा रीतीनं धावड्याच्या कोहळ्याला मोहनकाकांची जुनी जरीची पगडी चढली आणि तो बैठकीत लोडाला टेकून बसला. खरं सांगते, आमच्या ओळखीतल्या बऱ्याच माणसांपेक्षा तो रुबाबदार दिसत होता.

पण कोहळा मरणार म्हटल्यावर दुसरीच पंचाईत झाली. कोहळा म्हणजे साधी भाजी नव्हे. देवीपुढं बळीच्या जागी चालणारं फळ ते. म्हणून आमच्याकडे अख्ख्या कोहळ्याला बाई पहिला चाकू लावत नाही. घरातल्या पुरुषानं पहिली चीर द्यायची, मग किसणं, पिळणं, शिजवणं सगळं बाईनं. हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे कांताकाकू ऐकताच टाळी देऊन म्हणाल्या, “चला, मंग आपण बायका सुटलो! आपल्यावर कुणी शकच घेऊ शकत न्हाई.” वंदीचं तोंड बघण्यासारखं झालं. निम्मे संशयित एका फटक्यात निर्दोष. त्यात मोहनकाकांनी हात जोडले.

“देख वंदना, आम्ही येतो, खाली मान घालून जेवतो. पण मला खुनी करू नको बाई. खेळातसुद्धा न्हाई. आमच्यात, मनात आणलं ना, तरी पाप बराबर लागतं.”

ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या घरात भाजी ‘कापली’ असंही म्हणत नाहीत, ‘सुधारली’ म्हणतात. राहता राहिले शेख चाचा आणि अण्णा. दोघांतला एक. शेंबड्या पोरालाही उकलेल असं ते गूढ. शिवाय मोहनकाका-काकू सूर्य मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत, म्हणजे मेजवानी संध्याकाळी उन्हं असतानाच उरकायला हवी. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, वांगं नको. पुण्यात म्हणे मेणबत्त्या लावून, अंधार करून हा खेळ खेळतात. आमच्याकडे लख्ख उजेडात, बाजरीची खिचडी, तुरीच्या दाण्यांची आमटी आणि तिळाची पोळी खात खून होणार होता. वंदी रडकुंडीला आली होती. मी हसून हसून बेजार. ते हसणं आठवलं की अजूनही बरं वाटतं. त्यानंतर त्या घरात आम्ही असं हसलो नाही.

दुपारी सगळं सामसूम असताना मी पाहिलं, वंदी अण्णांच्या कानाशी लागली होती. अण्णांनी आधी भुवया वर केल्या, मग एकदम पोरासारखे हसले. कितीतरी महिन्यांनी हसले असतील. दिवाण म्हणून त्यांनी घालायचा काळा कोट आईनं पेटीतून काढून दिलाच होता, त्यांच्या लग्नातला. तो घालून ते चाकू घेऊन बैठकीत गेले, आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन पुन्हा खुर्चीवर बसले. मी काहीच पाहिलं नाही असं दाखवलं. मनात म्हटलं, वंदीचं खूळ वाया गेलं नाही.

उन्हं कलली तसे सगळे जमले. शेख चाचा निकाहातली शेरवानी घालून आले होते. बटणं लागत नव्हती म्हणून श्वास रोखून बोलत होते. कांताकाकूंनी सासूची घागरा-ओढणी काढली होती, तिला कापराचा वास येत होता. आईनं मात्र वेश बदलायला साफ नकार दिला. म्हणाली, “निजामाच्या टायमाला बी स्वयंपाक करणारी असंच लुगडं नेसत असंल.” पगडीखाली जहागीरदारांच्या पोटात चाकू रुतलेला. काकूंनी “अरिहंत, अरिहंत” म्हणत डोळ्यांवर ओढणी घेतली आणि ओढणीतून पाहिलं.

पंगत बसली, आणि वंदीनं एकेकाची उलटतपासणी घेतली. सगळ्यांचा डोळा शेख चाचांवर. त्यांनी इतकी कारणं दिली, इतक्या शपथा खाल्ल्या, की निर्दोष माणूस असं कधी बोलतच नाही. शेवटी वंदी अण्णांकडे वळली.

“दिवाणजी, जहागीरदारांना तुम्ही मारलं का?”

“मी? न्हाई बुवा,” अण्णा म्हणाले. “मी तर दुपारपासून अंगणात बसेल होतो.”

काय सुरेख बोलले! चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की मी मान खाली घालून आमटीत हसले. लहानपणी आमच्याशी पत्ते खेळताना त्यांना खोटं बोलता यायचं नाही. हातात राणी आली की कान लाल व्हायचे. आणि आज बघा. मी त्यांच्या कानांकडे पाहिलं. कान लाल नव्हते. त्या वेळी मला कळायला हवं होतं, असं नाही म्हणत मी. कुणाला कळलं असतं?

जेवणं झाली. उन्हाचा पट्टा उंबऱ्यावर आला तेव्हा वंदी उठून उभी राहिली आणि म्हणाली, “खुनी सापडला. कोहळ्याच्या अंगावर पांढरी राख असते. जो त्याला हात लावतो त्याच्या अंगाला ती लागते. दिवाणजी, जरा तुमची उजवी बाही दाखवा.”

सगळ्यांनी पाहिलं. काळ्या कोटाच्या बाहीवर कोपरापर्यंत पांढरा पट्टा होता. टाळ्या पडल्या. शेख चाचा ओरडले, “हौ भाई! बुढ्ढा छुपा रुस्तम निकल्या!”

अण्णांनीही बाही पाहिली. झटकली. राख गेली नाही. मग बोटानं चोळली, तशी ती कापडात आणखी पसरली.

“हे कुठून लागलं?” ते म्हणाले.

लोक पुन्हा हसले. वंदी म्हणाली, “अण्णा, खेळ संपला. आता कबूल करा.”

“मी केलंच न्हाई तर कबूल काय करू?”

“अरे वा! अजून फुटत न्हाईत,” मोहनकाका म्हणाले.

“वंदी, खोटं कामून बोलून राह्यली तू?” अण्णांचा आवाज चढला. ते उठले. चाकूकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं. मग आईकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “तू सांग यांना. मी असं करीन का?”

हसणं एकदम नाही थांबलं. शेख चाचांचं थोडा वेळ चालूच राहिलं, मग त्यांनाही कळलं. अण्णांच्या हनुवटीला कंप सुटला होता. सोंग करणाऱ्याला हनुवटी अशी हलवता येत नाही. त्यांच्या बाहीवर पुरावा होता, आणि त्यांच्या डोक्यात काहीच नव्हतं. ती दुपार तिथून पुसून गेली होती. वंदीचं कानातलं बोलणं, चाकू, स्वतःचं हसणं, सगळंच. हा खेळ कुणीतरी फार हुशारीनं रचला असेल. ज्याला माहीत आहे त्यानं लपवायचं, ज्यांना माहीत नाही त्यांनी शोधायचं. पण ज्यानं केलं आणि ज्याला माहीत नाही, अशा माणसाचं काय करायचं, ते त्यात कुठं सांगितलेलं नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते पाहून मला दुसरा धक्का बसला. तिला ठाऊक होतं. कधीपासून कोण जाणे, ती एकटीच त्यांना सांभाळून घेत होती. ती पुढं आली आणि म्हणाली, “तुम्ही न्हाई हो. मी लावला चाकू.”

जन्मात ज्या बाईनं कोहळ्याला पहिली चीर दिली नाही, ती सगळ्यांसमोर असं म्हणाली. अण्णांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“तू? कोहळ्याला बाई कधी पहिला चाकू लावती का? उगा मला समजावू नको.”

एवढं त्यांना आठवत होतं. रीत पक्की होती, दुपार गेली होती. वंदी पांढरीफटक पडली होती. तेवढ्यात मोहनकाका उठले.

“वहिनींनी न्हाई, अण्णा,” ते म्हणाले. “मी केला खून.”

कांताकाकूंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आणि शेख चाचा शेरवानी सावरत म्हणाले, “नै साब, मैं मार्या. ये सेठ क्या मारता, चीटी दिखी तो रस्ता बदलता ये.”

मी पाहिलेली ती एकच अशी मेजवानी, जिथं खुनी सोडून सगळ्यांनी खून कबूल केला. अण्णा एकेकाच्या तोंडाकडे बघत खाली बसले. बराच वेळ बाही चोळत राहिले. मग वंदीला हळूच म्हणाले, “मंग माझं नाव कामून घेतलं?”

दुसऱ्या दिवशी त्यांना पाहुणे आले होते हेही आठवत नव्हतं. आईनं कोहळा किसायला घेतला तर विचारलं, “याला कोणी कापलं?” आई म्हणाली, शेजारच्या शेठनी. पुढं औरंगाबादच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी फार काही होणार नाही हेही सांगितलं. नाव कळून आमचं काय झालं? काही नाही. आधी काय होतंय ते कळत नव्हतं, आता कळत होतं, आणि दोन्ही वेळा आम्ही नुसतेच बघत होतो.

माणसाच्या डोक्यातून एकेक जात जाताना काय मागं राहावं, याला काही न्याय नाही. ती मेजवानी गेली. शेरवानी गेली, हसणं गेलं, हळूहळू वंदीचं नाव गेलं. राहिला तो आपल्यावर कसलातरी आळ आहे हा धाक. दूधवाला आला की अण्णा त्याला विचारायचे, “मी काही केलं का?” रस्त्यानं जाणाऱ्याला विचारायचे. आम्ही सुरुवातीला सगळं समजावून सांगायचो, खेळ होता, कोहळा होता, पगडी होती. ते शांतपणे ऐकून “अस्सं” म्हणायचे आणि पुन्हा विचारायचे, “पण मी काही केलं का?” एकदा मी कंटाळून म्हटलं, हो अण्णा, केलं, पण नुसता कोहळाच मारला. ते दुपारभर रडले. त्यानंतर घरात एकच उत्तर ठरलं, नाही. मोहनकाका रोज दुकानातून येताना डोकावायचे आणि न विचारता सांगायचे, “मी केलं, अण्णा. तुम्ही बेफिकीर राहा.” काकूंनी आईला सांगितलं, की त्या वर्षी पर्युषणात काकांनी एक उपवास जास्तीचा धरला. मारल्याचा का खोटं बोलल्याचा, ते त्यांनी सांगितलं नाही म्हणे.

वंदी फोनवर रडायची. “ताई, मी घातलं गं हे त्यांच्या डोक्यात.” डॉक्टर म्हणाले, असं काही नसतं, हा नसता तर दुसरा कसला धाक बसला असता. डॉक्टरांचं बरोबरच असेल. पण दुसरा बसला नाही, हाच बसला. तिला काय सांगणार मी? तिला बापाला हसताना बघायचं होतं, एवढंच होतं ते.

अण्णांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी महिनाभर माहेरी राहिले. अण्णा तोवर दोनदा कुणाला न सांगता स्टँडवर चालत गेले होते. तिथल्या लोकांनी ओळखून आणून सोडलं, म्हणून आईनं अंगणाच्या दाराला आतून कुलूप घातलं. ते अंगण त्यांनीच फरशी टाकून बांधून घेतलेलं. दुपारचं ऊन होतं. मी त्यांच्यासमोर परात घेऊन तुरीच्या शेंगा सोलत होते आणि दाणे त्यांच्या हातावर ठेवत होते. ते खात नव्हते, मुठीत धरून बसले होते.

“बाई,” ते मला म्हणाले. मला ते तेव्हा बाईच म्हणायचे. “मी काही केलं का?”

“न्हाई अण्णा. तुम्ही काहीच न्हाई केलं.”

“खरं?”

“देवाशपथ.”

त्यांनी मान हलवली. बरं वाटल्यासारखं दिसलं. मग दाराच्या कुलपाकडे बोट करून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यांनी विचारलं, “मंग हे लोक मला घरी कामून जाऊ देत न्हाईत?”